पोटरीपासून डीएच लाइनपर्यंत: भाताचं परागकोश संवर्धन टप्प्याटप्प्याने

परागकोश संवर्धन, म्हणजे फुलातले परागकोश काचेच्या डिशमध्ये वाढवून परागकणापासून रोप मिळवणं, फसलं की पहिला संशय मीडियावर, म्हणजे डिशमधल्या पोषक माध्यमावर जातो. २,४-डी वाढवून बघू, कायनेटिन बदलू (ही दोन्ही वाढसंप्रेरकं), माल्टोज ही शर्करा दुसऱ्या कंपनीची मागवू. डिशमध्ये काही येत नाही म्हटल्यावर डिशमधल्याच गोष्टींकडे बोट दाखवलं जातं. पण बहुतेक वेळा निकाल त्याआधीच लागलेला असतो: पोटरी (पानाच्या आवरणातून अजून बाहेर न आलेली लोंबी) कुठल्या रोपाची काढली, कधी काढली, किती थंडीत ठेवली यावर. आणि जिथे कॅलस (रोपाचा आकार न आलेला पेशींचा गोळा) भरपूर येतं तिथे चूक पुढे होते. उगवलेलं प्रत्येक हिरवं रोप डीएच समजून शेतात जातं.

शब्दांचा खुलासा थोडक्यात. भाताच्या परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, १२ चा. त्यापासून वाढलेलं रोप म्हणजे हॅप्लॉइड. हा संच दुप्पट होऊन २४ झाला की प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेलं रोप मिळतं. ते डबल्ड हॅप्लॉइड, म्हणजे डीएच. एफ-१ (दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) नंतर सहा-सात पिढ्या स्वपरागीकरण करून जी स्थिरता येते ती इथे एका पिढीत येते.

खाली दिलेले आकडे भाताचे आहेत, ते दुसऱ्या तृणधान्याला जसेच्या तसे लावू नका. गव्हात डीएचसाठी मक्याचे पराग वापरून केलेला संकर आणि भ्रूणसंवर्धन हा मार्ग अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो. मक्यात हॅप्लॉइड देणाऱ्या ‘इंड्युसर’ लाइन वापरतात. ज्वारीचे परागकोश तर फारच हट्टी. बार्लीत परागकोश संवर्धन चांगलं चालतं, पण थंडीचं गणित वेगळं आहे.

## १. आधी कागदावर आकडेमोड

उदाहरण म्हणून असं धरू की खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-३ चा बारीक दाण्याच्या रत्नागिरी-२४ शी संकर केला आहे आणि पाच वेगवेगळ्या जनुकांच्या हव्या त्या प्रती एकाच लाइनमध्ये एकत्र आणायच्या आहेत. ही पाच जनुकं एकमेकांना जोडलेली नसतील, तर एफ-१ पासून मिळालेल्या दर ३२ डीएच रोपांत सरासरी एक रोप हवं तसं निघेल. एफ-२ (एफ-१ च्या स्वपरागित बियांची पिढी) मध्ये पाचही जागी स्थिर झालेलं असं रोप १,०२४ त एक असतं. डीएचचा खरा फायदा हा आहे.

पण ‘३२ त एक’ याचा अर्थ ३२ रोपं पुरली असा नाही. असं एक तरी रोप हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ९५ डीएच लाइन लागतात. तीनच जनुकं असतील तर २३ पुरतात.

आता उलट चालत या. समजा तुमच्याकडे १०० परागकोशांमागे एक हिरवं रोप मिळतं आणि त्यातली निम्मी रोपं आपोआप डीएच होतात. मग ९५ लाइनसाठी १९० हिरवी रोपं आणि १९,००० परागकोश हवेत. भाताच्या एका फुलात सहा परागकोश असतात, म्हणजे सुमारे ३,२०० फुलं. एका लोंबीतली ४० फुलंच योग्य वयाची धरली तरी ८० लोंब्या झाल्या. दहा कुंड्यांत एफ-१ लावून हे काम होत नाही, हे इथेच कळतं. इंडिका आणि जपोनिका हे भाताचे दोन मुख्य गट. इंडिका जातींत तर हिरव्या रोपांचं प्रमाण याहून खाली जाऊ शकतं. जपोनिका त्या मानाने सोप्या.

तपासा: तुमचं स्वतःचं प्रमाण माहीत नसेल तर आधी छोटी चाचणी करा. मोजायचं ते ‘१०० परागकोशांमागे हिरवी रोपं’. कॅलसची टक्केवारी अहवालात छान दिसते, पण कॅलस शेतात लावता येत नाही.

## २. दाता रोपं (ज्यांचे परागकोश घ्यायचे ती)

पहिली गोष्ट म्हणजे एफ-१ खरंच एफ-१ आहे का हे पाहणं. फुलातले परागकोश काढताना एखादा राहिला की मादी वाणाचं स्वपरागित बी तयार होतं. त्या रोपाचे परागकोश घेतले तर सगळ्या खटपटीनंतर मूळ वाणच परत मिळतो. दोन्ही पालकांत फरक दाखवणारे दोन-तीन एसएसआर मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा, चाचणीत पट्ट्यांच्या रूपात दिसणाऱ्या) घ्या आणि प्रत्येक एफ-१ रोप रोपवाटिकेतच तपासा. ज्याच्यात दोन्ही पालकांचे पट्टे दिसत नाहीत ते उपटून टाका.

दुसरी गोष्ट रोपाची तब्येत. भाताचे दाते उघड्यावर, पूर्ण उन्हात, नीट अंतर देऊन वाढवा. काचघराच्या कोपऱ्यात सावलीला वाढलेली लांबुडकी रोपं परागकोशासाठी कमजोर ठरतात. नत्र वेळच्या वेळी द्या, पाण्याचा ताण पडू देऊ नका. पोटरी काढायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत आंतरप्रवाही कीटकनाशक किंवा बुरशीनाशक फवारू नका.

तिसरी गोष्ट, पेरणी एकदम करू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार हप्ते टाका. सगळी रोपं एकाच आठवड्यात पोटरीत आली तर एका लॅमिनारवर (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या टेबलावर) दोन माणसं काय काय करणार? कोकणात खरिपाच्या पोटऱ्या पावसातच येतात आणि लोंबीबरोबर बुरशीही प्रयोगशाळेत शिरते. सोय असेल तर उन्हाळी भाताच्या हंगामात काम करणं मला जास्त पसंत आहे, फक्त पोटरी कडक उष्णतेत सापडणार नाही अशी पेरणी साधली पाहिजे.

## ३. पोटरी नेमकी कधी काढायची

सगळ्यात जास्त प्रयोग इथे बिघडतात.

परागकण ‘एककेंद्रकी’, म्हणजे आत एकच केंद्रक असलेल्या, अवस्थेच्या मध्यापासून शेवटापर्यंत असताना त्याला परागकण होण्याच्या वाटेवरून वळवून रोप होण्याच्या वाटेवर आणता येतं. त्याआधी तो चारच्या गटात चिकटलेला असतो आणि डिशमध्ये मरतो. त्यानंतर त्यात पिठूळ साठा भरू लागतो आणि मग तो वळत नाही. मधली खिडकी फार थोड्या दिवसांची असते.

शेतात ओळखायची खूण अशी: शेंड्याचं पान, म्हणजे ध्वजपर्ण, आणि त्याच्या लगेच खालचं पान यांच्या कानांमधलं (पातं आणि खोडाभोवतीचं आवरण जिथे जुळतात तिथल्या लहान उपांगांमधलं) अंतर मोजा. बऱ्याच जातींत ते ५ ते १० सेंटिमीटर असताना पोटरी योग्य वयाची असते. पण ‘बऱ्याच जातींत’ हे शब्द विसरू नका. बुटक्या आणि उंच वाणांत हे अंतर बदलतं, एकाच वाणात हंगामानुसारही बदलतं. म्हणून प्रत्येक संकरासाठी आधी स्वतःचा तक्ता बनवा:

१. कानांमधलं अंतर ३, ५, ७, ९ आणि १२ सेंटिमीटर असलेल्या पोटऱ्या सकाळी काढा.

२. प्रत्येक लोंबीचा वरचा, मधला आणि खालचा भाग वेगळा घ्या. भाताची लोंबी वरून खाली फुलते, त्यामुळे वरची फुलं वयाने पुढे असतात आणि खालची मागे.

३. प्रत्येक भागातल्या दोन-तीन फुलांचे परागकोश एक टक्का अ‍ॅसिटोकार्माइन या रंगद्रव्याच्या थेंबात ठेचा, वर काचपट्टी ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

४. कणाच्या भिंतीला एक छिद्र दिसतं. केंद्रक त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीला ढकलला गेला असेल तर वय शेवटच्या एककेंद्रकी टप्प्यात आहे. चार-चारचे गट दिसले तर पोटरी कोवळी आहे.

५. केंद्रक नीट दिसत नसेल तर आयोडीनच्या द्रावणात दुसरा परागकोश ठेचा. कण निळसर काळे पडले तर उशीर झाला आहे.

हा तक्ता हाताशी आला की रोज सूक्ष्मदर्शक लागत नाही. उजेडासमोर फूल धरून बघितलं तरी अंदाज येतो: परागकोश तुसाच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत पोचलेले असावेत आणि रंगाने फिके. पिवळे दिसू लागले की ती लोंबी सोडून द्या.

पोटऱ्या सकाळीच, मुख्य खोडाच्या आणि पहिल्या फुटव्यांच्या घ्या. उशिराच्या फुटव्यांच्या पोटऱ्या संख्या भरायला घेतल्या जातात आणि सरासरी खाली आणतात.

सावधान: लोंबीचं टोक बाहेर डोकावत असेल तर ती पोटरी कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. वयही गेलं आणि निर्जंतुक राहण्याची शक्यताही गेली.

## ४. थंडीचा मुक्काम

काढलेल्या पोटऱ्यांची पाती छाटा, वरून ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, ओलसर निर्जंतुक कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ८ ते १० अंश सेल्सिअसला अंधारात सात-आठ दिवस ठेवा. या ताणामुळे परागकण आपली नेहमीची वाट सोडतो.

गव्हाच्या किंवा बार्लीच्या कृतीतून ‘४ अंश’ उचलून भाताला लावणं ही नेहमीची चूक. भात उष्ण प्रदेशाचं पीक आहे, ४ अंशाला आठवडाभर ठेवलेले परागकोश पांढरे, मऊ आणि निकामी होतात. घरगुती फ्रिजचं बटण ‘मध्यम’वर ठेवून ८ अंश मिळतील असं धरू नका. आत थर्मामीटर ठेवा आणि दिवसातून दोनदा वाचा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर इन्क्युबेटर बॅकअपवर घ्या.

तपासा: पिशवीत पाणी साचलेलं नको. कापड दमट असावं, ठिबकतं नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी न उघडता बाहेरून बघा. काळे डाग दिसणारी पोटरी शेजारच्या पोटऱ्यांना लागण देण्याआधी बाजूला काढा.

## ५. मीडिया याच आठवड्यात करा

पोटऱ्या थंडीत गेल्या की मीडिया करायला घ्या, म्हणजे ओतलेल्या डिश तीन-चार दिवस निरीक्षणाखाली राहतात आणि बिघडलेल्या आधीच कळतात.

कॅलससाठी एन-६ घ्या, एमएस नको (ही दोन्ही क्षारांची ठरलेली मिश्रणं). एन-६ मध्ये अमोनियम सुमारे ७ मिलिमोल आहे, एमएसमध्ये २० हून अधिक. जास्त अमोनियम भाताच्या, विशेषतः इंडिकाच्या, परागकणांना मानवत नाही. सुरुवातीला हे मिश्रण पुरेसं आहे: एन-६ क्षार, २,४-डी २ मिलिग्रॅम आणि कायनेटिन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, माल्टोज ४० ते ५० ग्रॅम, घट्टपणासाठी अगार ८ ग्रॅम, सामू (पीएच) ५.८. साखरेऐवजी माल्टोज महाग पडतं, तरी इंडिकात पैसे वाचवायची ही जागा नाही.

क्रम असा ठेवा. कॅल्शियमचा साठा वेगळ्या बाटलीत ठेवा आणि बाकीचे क्षार भरपूर पाण्यात मिसळल्यावरच घाला, नाहीतर फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर साका बसतो. २,४-डी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. माल्टोज घातल्यावर आकारमान पूर्ण करा, मग सामू बघा आणि अगार सगळ्यात शेवटी. अगार घातल्यावर सामू मोजलात तर इलेक्ट्रोड खराब होतो आणि आकडाही चुकतो. १२१ अंशाला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह पुरे. ‘खात्रीसाठी’ पाऊण तास ठेवला की शर्करा करपते आणि मीडिया तपकिरी होतो.

## ६. परागकोश काढणे

थंडीतून काढलेल्या पोटरीचं आवरण सोला. वरचा आणि खालचा भाग सोडून तक्त्यात योग्य ठरलेला भाग घ्या. फुलं सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात (१ ते १.५ टक्के क्लोरीन, दोन थेंब ट्वीन-२० हा साबणासारखा पदार्थ) १५ मिनिटं हलवत ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने चार वेळा धुवा. बऱ्याच ठिकाणी अजून ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते काम करतं, पण पारा आहे. वापरलंच तर ते पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या डब्यात साठवायचं.

आता लॅमिनारमध्ये फुलाचा बुडखा परागकोशांच्या किंचित खाली कात्रीने कापा, फुलाचं टोक चिमट्यात धरा आणि कापलेली बाजू खाली करून डिशच्या कडेवर हलकेच टिचकी मारा. परागकोश आपणहून मीडियावर पडतात. सुईने कोरून काढण्यापेक्षा ही पद्धत जलदही आहे आणि सुरक्षितही. कोरताना परागकोशाची भिंत फाटते आणि जखमी भिंतीतून कॅलस येतं. ते कॅलस परागकणाचं नसून दाता रोपाच्या शरीराचं असतं. देठाचे तुकडे आणि अंडाशय डिशमध्ये पडले तर त्याच क्षणी उचला.

लहान डिशमध्ये ५०-६० परागकोश, पॅराफिल्मची सील, आणि डिशवर संकर, पोटरी, तारीख. परागकोशांची संख्याही तिथेच लिहा, नंतर कोणी मोजत नाही.

## ७. अंधारातले आठवडे

२५ अंश, पूर्ण अंधार. दोन-तीन आठवड्यांत परागकोश तपकिरी होतात. इथे घाबरून डिश फेकणारे बरेच आहेत. तपकिरी होणं अपेक्षितच आहे. चौथ्या ते आठव्या आठवड्यात फाटलेल्या परागकोशातून फिकट पिवळे कॅलसचे कण बाहेर येतात.

आठवड्यातून एकदा डिश बघा, रोज उजेडात काढू नका. कॅलस १ ते २ मिलिमीटर झालं की लगेच पुढच्या मीडियावर न्या. ‘जरा मोठं होऊ दे’ म्हणून महिनाभर थांबलात तर रोप देण्याची ताकद घटते आणि अल्बिनो, म्हणजे हरितद्रव्य नसलेल्या पांढऱ्या, रोपांचं प्रमाण वाढतं.

## ८. रोप आणणे

आता एमएस: कायनेटिन किंवा बीएपी २ मिलिग्रॅम, एनएए ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति लिटर (बीएपी आणि एनएए हीही वाढसंप्रेरकं), साखर ३० ग्रॅम, रोज १६ तास उजेड. तीन-चार आठवड्यांत हिरवे कोंब दिसतात. पांढरेही दिसतील. अल्बिनो हा तृणधान्यांच्या परागकोश संवर्धनाला जडलेला जुना रोग आहे. उजेड किंवा लोह वाढवून ती रोपं हिरवी होत नाहीत, त्यांच्यावर मीडिया खर्च करू नका. फक्त मोजून नोंद करा. पांढरी फार जास्त येत असतील तर कॅलस किती जुनं होऊन पुढे आलं ते आधी बघा, मग पोटरीचं वय.

सावधान: एका कॅलसमधून पाच रोपं आली म्हणजे पाच लाइन झाल्या असं नाही. बहुधा ती एकाच परागकणाची भावंडं, जनुकीयदृष्ट्या एकच. क्रमांक डिश-कॅलस-रोप असा तीन भागांत द्या आणि एका कॅलसमधून एकच रोप लाइन म्हणून धरा. हे न केल्याने ९५ लाइनच्या संचात प्रत्यक्षात ४० च वेगळ्या निघतात आणि पहिल्या टप्प्यातलं सगळं गणित कोसळतं.

मुळांसाठी निम्म्या ताकदीचा, हार्मोनविरहित एमएस बहुतेक वेळा पुरतो.

## ९. हार्डनिंग (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणं)

मुळांचा अगार कोमट पाण्यात पूर्ण धुवा, राहिला तर बुरशी येते. रोपं चार-पाच दिवस पोषक द्रावणात किंवा साध्या पाण्यात ठेवा, मग चिखलणी केलेल्या मातीच्या कुंडीत लावा. वरून प्लास्टिकची पिशवी, आठ-दहा दिवसांत हळूहळू उघडत न्यायची.

## १०. डीएच आहे की नाही: दोन वेगळे प्रश्न

कुंडीतलं हिरवं रोप चार प्रकारचं असू शकतं: हॅप्लॉइड, खरं डीएच, परागकोशाच्या भिंतीतून आलेलं द्विगुणित (दोन संचांचं), किंवा चतुर्गुणित (चार संचांचं). म्हणून दोन तपासण्या लागतात आणि एकीने दुसरीचं काम भागत नाही.

*संच किती?* फ्लो सायटोमीटर (पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजणारं यंत्र) असेल तर कोवळ्या पानाचा तुकडा, सोबत माहितीतल्या द्विगुणित वाणाचा नमुना. नसेल तर मुळाच्या टोकातली गुणसूत्रं मोजा, १२ की २४. तेही जमत नसेल तर लोंबीपर्यंत थांबा: हॅप्लॉइड रोप बुटकं, पानं अरुंद, फुलं लहान आणि दाणा एकही नाही. चतुर्गुणिताची पानं जाड, दाणे मोठे आणि बरेचसे पोचट. रोपवाटिकेत नुसत्या उंचीवरून निकाल देऊ नका, टिश्यू कल्चरमधून आलेली सगळीच रोपं सुरुवातीला खुजी दिसतात.

*आली कुठून?* २४ गुणसूत्रं भिंतीतून आलेल्या रोपातही असतात. दोन पालकांत फरक दाखवणारे आठ-दहा मार्कर वेगवेगळ्या गुणसूत्रांवरून घ्या. खऱ्या डीएचमध्ये प्रत्येक मार्करला एकाच पालकाचा पट्टा दिसतो. एखाद्या रोपात बहुतेक मार्करना दोन्ही पट्टे दिसले तर ते एफ-१ ची नक्कल आहे.

तपासा: सगळ्या डीएच मिळून प्रत्येक मार्करवर दोन पालकांचं प्रमाण साधारण निम्मं-निम्मं असावं. थोडा कल चालतो, पण एखाद्या ठिकाणी जवळजवळ सगळ्या लाइन एकाच पालकाकडे झुकल्या आणि हवं असलेलं जनुक तिथेच असेल, तर निवडीला वाव किती उरला ते आताच बघा.

## ११. हॅप्लॉइड उरली तर कोल्चिसीन

भातात बरीच रोपं आपोआप दुप्पट होतात, अनेकदा निम्म्याच्या आसपास. म्हणून सरसकट सगळ्या रोपांना कोल्चिसीन (गुणसूत्रांचे संच दुप्पट करणारं रसायन) देणं चूक आहे. आधीच डीएच असलेलं रोप चतुर्गुणित होऊ शकतं. दहावा टप्पा अकराव्याच्या आधी ठेवला आहे तो यासाठीच.

फुटवे आलेल्या हॅप्लॉइड रोपाचे दोन भाग करा आणि एक राखून ठेवा. दुसऱ्या भागाची मुळं २-३ सेंटिमीटरवर छाटा आणि ०.१ टक्का कोल्चिसीन, २ टक्के डीएमएसओ (औषध पेशींत शिरायला मदत करणारा द्राव), थोडं ट्वीन-२० अशा द्रावणात मुळं आणि बुडखा पाच तास बुडवा. मग रात्रभर वाहत्या पाण्यात धुवा आणि सावलीत लावा. काही रोपं मरतील. जगलेल्यांतही एका फुटव्याला दाणे भरतील, दुसऱ्याला नाही. दाणे भरलेली लोंबीच घ्यायची.

सावधान: कोल्चिसीन माणसालाही तितकंच घातक. हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड, आणि पावडर एकट्याने तोलायची नाही. धुण्याचं पहिलं पाणी वेगळं साठवा.

## १२. बियाणं आणि निवड

कुंडीतल्या रोपाला आपण डीएच-० म्हणू. त्याची लोंबी फुलण्याआधी कागदी पिशवीत घाला. भात स्वपरागित असला तरी थोडं परपरागीकरण होतं आणि इथे एक परका दाणाही नको. डीएच-० वरून उंची, फुटवे किंवा उत्पादन यांची निवड करू नका. प्रयोगशाळेतल्या हालांचा परिणाम त्याच्या अंगावर असतो. मार्करवरून निवड मात्र इथेच करता येते.

पुढच्या हंगामात प्रत्येक लाइनची २०-३० रोपांची एक ओळ लावा. खऱ्या डीएचची सगळी रोपं एकसारखी आणि एकाच सुमारास निसवतात. ओळीत उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी भेसळ दिसली तर त्यातलं चांगलं रोप निवडायचा मोह टाळा आणि पूर्ण ओळ रद्द करा. तिथे भिंतीचं रोप, परका पराग किंवा लेबलांची अदलाबदल झाली आहे.

बी थोडं असल्यामुळे पहिली चाचणी पुनरावृत्तीशिवाय, पण दोन्ही पालक वाण मधूनमधून पुन्हा पुन्हा लावून घ्या. त्यातून निवडलेल्या लाइन पुढच्या वर्षी तीन पुनरावृत्त्यांत, खाऱ्या जमिनीत आणि साध्या जमिनीत दोन्हीकडे. नुसत्या खाऱ्या जमिनीत निवडलेल्या लाइन चांगल्या वर्षी मागे पडतात, कारण क्षार दरवर्षी सारखे नसतात. चांगला पाऊस झाला तर खाचरातला खारटपणा लावणीपर्यंत बराच धुऊन गेलेला असतो. म्हणून लावणीच्या वेळी आणि फुलोऱ्यात प्रत्येक वाफ्यातल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून उत्पादनाच्या आकड्याशेजारी लिहा, आणि प्रत्येक लाइनचं मूळ बी थोडं तरी थंड कोठारात राखून ठेवा.